सहाशे-सोळाच्या शोधात आठ महिने

आमच्या घरची १९४७ सालची शेव्हर्ले फ्लीटमास्टर नव्या टायरांवर उभी करण्याचे काम मी जून २०२२ मध्ये हाती घेतले आणि ते पुरे व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. या आठ महिन्यांत पैशांपेक्षा पायपीटच अधिक झाली आणि त्यातली निम्मी तरी मला आधी माहिती असती तर टळली असती. अशी एखादी गाडी जिवापाड सांभाळणारी, पण परदेशातून टायर मागवण्याची ऐपत नसलेली कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात बरीच आहेत. त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही हकीकत घडली तशी लिहून ठेवत आहे.

ही गाडी आजोबांनी पन्नासच्या दशकात एका व्यापाऱ्याकडून जुनी म्हणूनच घेतली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हर्ले गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती बंद केली. आमची गाडी त्याच काळातली. घरातील वडीलधारी माणसे तिला अजूनही ‘शेवरलेट’च म्हणतात. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, ती दरवर्षी पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे जुनी गाडी कापडाखाली झाकून न ठेवता रस्त्यावर चालती ठेवावी, असेच आमच्या घरात सर्वांना वाटते. वर्षभरात तिचे फार तर चारशे-पाचशे किलोमीटर होतात, परंतु ते किलोमीटर कुटुंबाला सोबत घेऊन होतात, हे टायरांचा विचार करताना मला क्षणभरही विसरता येत नव्हते.

मे २०२२ मध्ये आम्ही पन्हाळ्याला निघालो असताना वाघबिळाच्या चढावर मागच्या डाव्या चाकातून ठराविक अंतराने धप-धप असा आवाज येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन पाहिले तेव्हा टायरच्या माथ्यावर मुठीएवढा फुगवटा आला होता. वरचा रबराचा थर आतल्या कापडापासून सुटला होता आणि त्या पोकळीत हवा शिरत होती. स्टेपनी लावून आम्ही वीसच्या वेगाने परत आलो. दुसऱ्या दिवशी पाचही चाके काढून तपासली. नक्षी पाहिली तर टायर अर्धेसुद्धा झिजलेले नव्हते, आणि याच गोष्टीने मला कित्येक वर्षे गाफील ठेवले होते. बाजूच्या भिंतींवर मात्र केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे पसरले होते आणि नखाने दाबल्यावर रबर किंचितही आत जात नव्हते. भिंतीवर निर्मितीचा तीन अंकी आकडा होता, २६३. सन २००० पूर्वीच्या टायरांवर पहिले दोन अंक आठवड्याचे आणि तिसरा वर्षाच्या शेवटच्या अंकाचा असे. म्हणजे २६ वा आठवडा, पण १९८३ चा की १९९३ चा, हे नुसत्या आकड्यावरून कळण्याची सोय नव्हती. वडिलांच्या खर्चाच्या वहीत १९९३ च्या दिवाळीपूर्वीची नोंद सापडली तेव्हा उलगडा झाला. एकोणतीस वर्षे वयाच्या रबरावर मी घरच्या माणसांना घाटातून नेत होतो.

टायरवर लिहिलेले माप होते ६.००-१६. टायरच्या बाजारात याला ‘सहाशे-सोळा’ म्हणतात. पहिला आकडा टायरची जाडी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास इंचांत. आजच्या २०५/५५ आर १६ सारख्या मापांशी या पद्धतीचा थेट मेळ बसत नाही. त्या काळच्या शेव्हर्ले आणि फोर्ड या अमेरिकी गाड्यांना हेच माप असे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही हेच. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत त्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे अनेक दशके भारतात जीप बनत राहिली. शेव्हर्लेची जुळणी बंद होऊन सात दशके होत आली तरी तिच्या मापाचा टायर आपल्याकडे शिल्लक राहिला तो या जीपमुळे. ही गोष्ट मला सुरुवातीला कोणी सांगितली असती तर माझे निदान चार महिने वाचले असते.

मी पहिल्यांदा गेलो ते अर्थातच गावातल्या टायरच्या दुकानांत. तिसऱ्याच दुकानात मालकाने माप ऐकले आणि आतून एक कोरा करकरीत सहाशे-सोळा आणून माझ्यापुढे उभा केला. भाव सांगितला तीन हजार चारशे. इतका स्वस्त आणि इतक्या सहज मिळाल्याने मी हरखून गेलो. टायर फिरवून पाहिला तर त्याच्या माथ्यावर तीन उंच, अखंड कडा होत्या. तो ट्रॅक्टरचा पुढचा टायर होता. मी तसे म्हटल्यावर मालक म्हणाले, “नंबर त्योच हाय की साहेब, चाकात बसल्याशी मतलब. ऊस भरून ट्रॅक्टर जातोय न्हवं कारखान्यापतुर?” ते फसवत नव्हते, त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते खरेच होते. मलाही क्षणभर पटले, पाच टायर बाजूला काढून ठेवा असेही सांगितले आणि घरी आलो.

रात्री मात्र चैन पडेना, म्हणून सकाळी पुन्हा जाऊन त्या टायरच्या भिंतीवरचे प्रत्येक अक्षर वहीत उतरवून घेतले. त्यात मापापुढे भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, आणि त्याला जोडून ‘ए८’ असे चिन्ह होते. हे चिन्ह वेगाचे असते आणि ए८ चा अर्थ ताशी ४० किलोमीटर. हलक्या मालवाहू वाहनांच्या टायरांवर जे, के, एल अशी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ अनुक्रमे ताशी १००, ११० आणि १२० किलोमीटर. आमची गाडी काही शंभरच्या वेगाने धावत नाही, पण महामार्गावर पन्नास-साठ तरी ठेवावेच लागतात आणि त्या वेगाला ट्रॅक्टरचे रबर तापते. दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटला. त्या तीन कडा शेतातल्या मऊ मातीत रुतून ट्रॅक्टरचे तोंड वळावे यासाठी असतात; ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर चारही चाकांनी रस्ता धरून ठेवावा, हा त्यांचा हेतूच नसतो. याच सुमारास फोर्डची १९३० सालची ‘मॉडेल ए’ बाळगणाऱ्या एका गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्या गाडीला १९ इंची रिम लागते आणि त्यांना कोणीतरी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचे १९ इंची टायर बसवण्याचा सल्ला दिला होता. बैलाच्या चालीसाठी बनवलेला टायर मोटारीला! रिमचा आकडा जुळला की टायर जुळला, असे समजण्याची चूक किती सहज होते, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळून चुकले. दुकानदारांची क्षमा मागून मी ते पाच टायर नाकारले.

दुसरा सल्ला सर्वांकडून मिळाला तो रेडियलचा, म्हणजे आजच्या मोटारींना येतात त्या टायरांचा. १६ इंची रिमचे २०५/५५ मापाचे टायर आज कुठेही मिळतात, तेच बसवा, असे निदान सहा जणांनी सांगितले. मी कागदावर हिशोब मांडला. या टायरचा बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटर येतो आणि सहाशे-सोळाचा सुमारे ७२०. म्हणजे गाडी चारही बाजूंनी जवळजवळ साडेचार सेंटीमीटर खाली बसणार, मीटरवर चाळीस मैल दिसतील तेव्हा ती प्रत्यक्षात पस्तिसाने चालणार आणि मडगार्डच्या कमानीत चाक पोरके दिसणार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमच्या रिमची रुंदी मी मोजली ती चार इंच भरली, आणि २०५/५५ ला कमीत कमी साडेपाच इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावर तो रिमवरून सरकू शकतो. रिमच बदलून टाका, असाही सल्ला मिळाला. परंतु पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या विंटेज नोंदणीसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे नियम काढले त्यांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे, आणि पुढेमागे त्या नोंदणीसाठी अर्ज करण्याचा माझा विचार होता. नियमाने केवळ रिमवर बोट ठेवले नसतेही कदाचित, पण नियम बाजूला ठेवला तरी आजोबांच्या गाडीची चाके बदलणे माझ्या मनाला पटले नसते.

मग परदेशी टायरांची चौकशी केली. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९५८ मध्ये स्थापन झालेली कोकर ही कंपनी जुन्या गाड्यांसाठी जुन्याच घडणीचे टायर बनवून देते आणि इंग्लंडमध्येही असे विक्रेते आहेत. आमच्या मापाचा टायर तिथे हवा तसा मिळतो. काळा, पांढऱ्या पट्ट्याचा, रुंद पट्ट्याचा, अरुंद पट्ट्याचा. एका टायरला दोनशे डॉलरहून अधिक, त्यावर जहाजाचे भाडे, विमा, सीमाशुल्क आणि कर असे धरून माझा आकडा पाच टायरांना एक लाख साठ हजारांच्या घरात गेला. पैशांची बाब क्षणभर बाजूला ठेवली तरी वाट मोकळी नव्हती. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटारींच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वर्गातून काढून ‘निर्बंधित’ वर्गात टाकली, म्हणजे त्यासाठी परवाना हवा. शिवाय २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे टायरवर आयएसआयची खूण हवी, आणि ७५ वर्षांपूर्वीच्या गाडीचे मोजके टायर बनवणारी परदेशी कंपनी ती कशाला घेईल? सीमाशुल्काचे काम करणाऱ्या एका परिचितांनी हे सारे शांतपणे समजावून सांगितले आणि मी तो विषय कायमचा मिटवला.

पांढऱ्या पट्ट्यांविषयी येथेच सांगून टाकतो, कारण घरात त्यावर बरीच चर्चा झाली. चित्रांत आणि प्रदर्शनांत अशा गाड्या नेहमी पांढऱ्या पट्ट्यांच्या टायरांवर दिसतात. परंतु आजोबांच्या काळातला या गाडीचा जो सर्वांत जुना फोटो घरात आहे त्यात टायर पूर्ण काळे आहेत, आणि ते त्या काळाला धरूनच आहे. १९४२ च्या आरंभी जपान मलाया आणि इंडोनेशियाचा रबराचा प्रदेश घेत असतानाच अमेरिकेत टायरांवर रेशनिंग आले, पांढरे पट्टे बंद झाले आणि युद्धानंतरही ते सहज मिळू लागायला काही काळ जावा लागला. काळ्या टायरांवरची १९४७ ची शेव्हर्ले ही गरीब नक्कल नव्हे, तीच तिची खरी ओळख आहे, हे मी सर्वांना तो फोटो दाखवून पटवले.

यानंतर जे घडले ते सांगताना अजूनही वाईट वाटते. सप्टेंबरमध्ये मुंबईतील एका जुन्या मालाच्या विक्रेत्याने ‘न वापरलेले, दुकानात पडून असलेले’ सहाशे-सोळाचे दोन टायर असल्याचे फोनवर कळवले. फोटोत ते कोळशासारखे काळेभोर आणि चकचकीत दिसत होते, माथ्यावर साच्यातून निघताना राहणारे रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते. दोन्हीचे मिळून नऊ हजार मी आगाऊ पाठवले. टायर आले आणि ओल्या फडक्याने पुसताच फडके काळे झाले. पॉलिशचा थर उतरल्यावर खाली त्याच केसाएवढ्या भेगा आणि पुन्हा तोच तीन अंकी आकडा. ‘न वापरलेले’ हे शंभर टक्के खरे होते. पण ते तयार होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. माझे एक स्नेही शिरोली औद्योगिक वसाहतीत रबराचे सुटे भाग बनवतात. त्यांच्याकडे रबराचा कडकपणा मोजणारे यंत्र आहे. शोअर ए या मापात नव्या टायरचा माथा साधारण साठ-पासष्ट भरतो. त्या दोन टायरांचा आकडा ८३ आला आणि आमच्या जुन्या पाचांचा ८१ ते ८५. टायर रस्त्यावर फिरला नाही तरी हवेतला ओझोन, ऊन आणि उष्णता रबराला म्हातारे करतच असतात. विक्रेत्याने पैसे परत करायला नकार दिला. ते टायर मी कोणाला विकले नाहीत. कडा कापून ते निकामी केले, जेणेकरून आणखी कोणाच्या गाडीवर ते चढू नयेत.

रिमोल्डचा, म्हणजे जुन्या टायरवर नवे रबर चढवून घेण्याचा, पर्यायही चाचपून पाहिला. गावाबाहेरच्या एका रिमोल्डिंगच्या कारखान्यातले वयस्कर कारागीर होते. त्यांनी आमचा जुना टायर उताणा पसरला, आत हात घालून बोटांनी कापडाचा थर चाचपला, मग भिंत दुमडून माझ्यापुढे धरली. दुमडलेल्या जागी भेगांच्या आतून नायलॉनचे धागे दिसत होते. “वरनं नवं रबर मी चढवून दिलो असतो, पैसंबी मिळालं असतं,” ते म्हणाले, “पर आतलं धड मेलंय. मेल्या धडावर नवं कातडं चढवून काय उपेग? घरची माणसं बसत्यात न्हवं गाडीत?” हातात आलेले काम ज्या सरळपणे त्यांनी नाकारले त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

खरी वाट सापडली ती ऑक्टोबरमध्ये, गारगोटी रस्त्यावरच्या एका पंक्चरच्या टपरीवर. तिथे एक जुनी महिंद्रा जीप उभी होती. एकेकाळी आमच्या भागात वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्या शेकड्यांनी धावत आणि त्यांतल्या कित्येकींना सहाशे-सोळाच लागे. तालुक्याच्या गावातही तो टायर दुकानाबाहेर टांगलेला असे. वडापच्या जीप गेल्या आणि दुकानांतून तो मालही गेला. त्या जीपच्या मालकांनी सांगितले की टायर बनणे अजून बंद झालेले नाही. कंपनी अधूनमधून एक खेप काढते, पण दुकानदार तो मागवत नाहीत, कारण गिऱ्हाईक नाही. त्यांनी सांगलीतल्या एका घाऊक विक्रेत्यांचे नाव दिले.

सांगलीच्या विक्रेत्यांनी पहिल्या भेटीत सरळ नाही म्हटले. त्यांच्याकडे आठ प्लायचे दोन टायर पडून होते, ते घेऊन जा म्हणाले. प्लायचा आकडा हा प्रत्यक्ष थरांचा नसून ताकदीचा दर्जा असतो, हे मला तोवर कळले होते. मूळ गाडीला चार प्लायचे टायर असत. आठ प्लायचा टायर माल भरलेल्या वाहनासाठी असतो; त्याची भिंत इतकी कडक असते की आमच्यासारख्या सुमारे चौदाशे किलोच्या गाडीखाली, आणि तीही कमी हवेवर, तो पुरेसा लवचिक राहत नाही. प्रत्येक खड्डा सरळ स्प्रिंगांना आणि प्रवाशांच्या कमरेला जातो. मला हवा होता सहा प्लायचा, सरळ रेघांच्या नक्षीचा, रस्त्यासाठीचा टायर. तो कंपनीच्या डेपोतून मागवायचा तर निदान वीस नग घ्यावे लागतील, पाचांसाठी मी मागणी नोंदवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचेही चुकत नव्हते. उरलेले पंधरा टायर त्यांच्या गोदामात म्हातारे झाले असते.

म्हणून मी पंधरा टायरांची गिऱ्हाइके शोधायला निघालो, आणि या संपूर्ण प्रकरणातला हाच भाग मला सर्वांत आनंदाचा वाटतो. गारगोटी रस्त्यावरचे जीपवाले पाच टायरांना लगेच तयार झाले. त्यांच्यामार्फत निपाणीचे एक निवृत्त सैनिक भेटले, ज्यांच्याकडे जुनी विलीज होती. त्यांना चार हवे होते. इचलकरंजीत १९४६ ची फोर्ड बाळगणारे एक डॉक्टर होते, त्यांनी पाच सांगितले. एकोणीस झाले. विसावा कोणीच घेईना, तेव्हा सैनिककाका म्हणाले, “मग माझे पाच लिहा. स्टेपनी जुनीच ठेवणार होतो, पण आता राहू दे.” १८ नोव्हेंबरला आम्ही चौघांनी मिळून निम्मी रक्कम भरली. ट्यूबसह एका टायरचा भाव ठरला चार हजार सातशे रुपये.

माल यायला जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. मधल्या दोन महिन्यांत मी रिमांचे काम करून घेतले, आणि ते आधी केले याचे आता समाधान वाटते. टायर काढल्यावर रिमच्या आत, टायरची कड जिथे बसते तिथे, गंजाचे पापुद्रे निघाले. वाळूच्या फवाऱ्याने पाचही रिम उघड्या धातूपर्यंत साफ करून घेतल्या. कोल्हापुरात फाउंड्रीचा धंदा असल्याने हे काम गावातच आणि रास्त दरात होते. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये प्रत्येक रिम फिरवून डायलने तिचा फेर मोजला. चार रिम सरळ निघाल्या. पाचवीला कडेला मार लागून जवळजवळ तीन मिलिमीटरचा फेर होता आणि बोल्टच्या भोकाजवळ एक बारीक तडा. तडा भरून, फेर काढून ती स्टेपनीसाठी ठेवली. प्रायमर आणि रंग धरून सगळ्या कामाचे सहा हजार दोनशे झाले.

ट्यूबच्या बाबतीत आणखी एक बारकावा त्याच वर्कशॉपमध्ये समजला. जुन्या रिमचे व्हॉल्व्हचे भोक सोळा मिलिमीटरचे असते, त्यासाठी टीआर-१५ जातीचा जाड रबरी व्हॉल्व्ह लागतो. आजच्या बहुतेक मोटारींच्या ट्यूबला बारीक टीआर-१३ येतो. तो या भोकात घातला तर बसतो, हवाही धरतो. पण टायर रिमवर किंचित सरकला की व्हॉल्व्ह भोकात तिरका होतो आणि मुळाशी फाटतो. सांगलीच्या विक्रेत्यांना मी हे आधीच कळवले आणि त्यांनी योग्य ट्यूब दिल्या.

टायर उतरवून घेताना आम्ही चौघेही हजर होतो आणि प्रत्येक टायरचा आकडा वाचला. विसांपैकी सर्वांवर ४८२२ किंवा ४९२२ होते, म्हणजे २०२२ चा अठ्ठेचाळिसावा किंवा एकोणपन्नासावा आठवडा. जेमतेम दीड-दोन महिन्यांचा माल. सहा प्लाय, आयएसआयची खूण, मापापुढे भारांक आणि वेगाचे अक्षर एल. नखाने दाबल्यावर रबर आत गेले आणि हळूच वर आले. इतक्या साध्या गोष्टीचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

बसवण्याचे काम यंत्रावर न करता एका जुन्या टायरवाल्यांकडून हाताने करून घेतले, कारण रंगवलेल्या रिमला यंत्राचा जबडा लागतो. त्यांनी प्रथम टायरच्या आतले कागदी लेबल खरवडून काढले; ते राहिले तर ट्यूबला घासून भोक पाडते. मग आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरली, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार दिला, ती आत बसवली आणि साबणाचे पाणी लावून टायर लिव्हरने कड चढवली. पूर्ण हवा भरल्यावर त्यांनी ती सगळी सोडून दिली आणि पुन्हा भरली. कारण विचारल्यावर म्हणाले, “पहिल्या हवेला ट्यूबला चुण्या पडत्यात. सोडली की त्या निघत्यात.” पाच चाकांना त्यांना सव्वातीन तास लागले.

हवेचा दाब ठरवायला मला दोन आठवडे गेले. टायरच्या भिंतीवर लिहिलेला कमाल दाब पूर्ण भारासाठी असतो. तो भरला असता तर गाडी दगडी चाकांवर चालल्यासारखी चालली असती. मी तीस पौंडांपासून सुरुवात केली, माथ्यावर खडूने आडवी रेघ ओढली, सपाट डांबरावर शंभर मीटर सरळ गाडी नेली आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहिले. मध्ये पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त; उलट असेल तर कमी. पुढे अठ्ठावीस आणि मागे तीस पौंडांवर रेघ सर्वत्र सारखी पुसली गेली, आणि तोच दाब आजही ठेवतो. स्टिअरिंग उभ्या गाडीत पूर्वीपेक्षा थोडे जड लागते. चालू गाडीत फरक जाणवत नाही. नायलॉनच्या धाग्यांचे हे टायर रात्रभर उभ्या गाडीच्या वजनाने तळाशी थोडे चपटे होतात, त्यामुळे सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर चाकातून हलकी थरथर येते आणि रबर तापले की ती जाते. पहिल्या दिवशी ती जाणवल्यावर मी घाबरून गाडी थांबवली होती. आता गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर तिच्या चारही बाजूंना स्टँड लावून चाके जमिनीवरून उचलून ठेवतो.

टायर-ट्यूब तेवीस हजार पाचशे, रिमांचे सहा हजार दोनशे, बसवणूक आणि किरकोळ अठराशे. मुंबईत बुडालेले नऊ हजार धरले तर एकूण साडेचाळीस हजार रुपये खर्च झाले. पाच टायरांची तारीख आणि मापे मी वडिलांच्याच वहीत, १९९३ च्या नोंदीखाली लिहिली.

परवा सांगलीच्या विक्रेत्यांचा फोन आला होता. डेपोत आणखी एक खेप आली आहे, पुढच्या वेळेसाठी पाच टायर आताच घेऊन ठेवणार का, असे त्यांनी विचारले. हे माप पुढे किती वर्षे निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून क्षणभर मोह झाला. पण घरात पडून राहिलेले टायर २०३० मध्ये मला पुन्हा त्याच कडकपणाच्या यंत्राखाली धरावे लागतील. मी त्यांना नको म्हणून सांगितले, आणि निपाणी, इचलकरंजी व गारगोटी रस्त्यावरच्या तिघांना फोन करून विचारले की २०२९ च्या सुमारास पुन्हा वीस टायरांची मागणी एकत्र नोंदवायची का. तिघांनीही होकार दिला आहे, आणि इचलकरंजीच्या डॉक्टरांनी मिरजेतला आणखी एक शेव्हर्लेवाला शोधून ठेवला आहे.